वाचवलेली दुपार

ओढ्याच्या अलीकडच्या काठाला, जिथे जंगल थोडं विरळ होतं आणि ऊन अडखळत का होईना जमिनीपर्यंत पोचतं, तिथे सशांचं एक घर होतं आणि घरामागे भाजीचा मळा होता. मुळे, माठ, अळू, कोथिंबीर, काकड्या, रताळी आणि वेलांवर भोपळे. भाजी खायची आवड जंगलात पुष्कळांना होती. पिकवायची मात्र कुणालाच नव्हती. म्हणून सशांनी घरोघर भाजीचा रतीब चालू केला होता. सकाळी टोपल्या भरायच्या, दारोदार भाजी पोचवायची आणि दिवस मावळता मावळता रिकाम्या टोपल्या घेऊन घरी यायचं. याला ते फेरी म्हणत. जंगलात पैसे नसतात, त्यामुळे मोबदलाही ज्याच्या त्याच्या परीने मिळे. गवा मळ्याला शेणखत देई, घुबडीण उंदरांवर नजर ठेवी, कासव मळ्यात पाणी येण्याची वाट साफ ठेवी. सगळ्यांचं बरं चाललं होतं.

या घरात एक सशीण नुकतीच सून होऊन आली होती. ती फार बोलत नसे. ऐके मात्र सगळं, आणि बघे त्याहून जास्त. नव्या सुनेने कान पाडून वावरावं अशी त्या घरची रीत होती. ती रीत तिने मुकाट्याने पाळली. पाडलेल्या कानांनाही तितकंच ऐकू येतं, हे तिने कुणाला सांगितलं नाही.

तिचं माहेर ओढ्यापलीकडे, समोरच्या डोंगरावर होतं. तो डोंगर वर गेल्यावर एकदम सपाट होई. झाड नाही, झुडूप नाही, नुसता मोकळा सडा आणि त्यावर गवत. त्या गवतात तिचे आईबाबा आणि धाकटी भावंडं राहत. सड्यावरच्या सशांचं एक असतं. गवत हिरवं आहे तोवर ते वर राहतात. गवत वाळलं की लपायला आडोसा उरत नाही. मग सगळं कुटुंब डोंगराच्या पलीकडच्या अंगाने खाली उतरतं, दूर नदीकाठच्या कुरणात जातं, आणि नवं गवत उगवेपर्यंत तिकडचं होऊन जातं. लेकीची पाठवणी करताना आई एवढंच म्हणाली होती, "गवत वाळायच्या आत एकदा येऊन जा गं."

सशिणीने ते सासूबाईंच्या कानावर घातलं. गोष्टीत सासू आली की तुम्ही लगेच सावरून बसता, म्हणून आधीच सांगितलेलं बरं, की या सासूबाई वाईट नव्हत्या. त्या मुळ्याच्या जुड्या बांधत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "जा की. फेरी उरकली की जा. कोण धरून ठेवतंय तुला?"

खरंच कुणी धरून ठेवलं नव्हतं. दुपारी निघालं असतं, तर उजेड असेतो सडा गाठता आला असता. फक्त फेरी उरकायची ती दिवस मावळताना, आणि काळोखात उघडा डोंगर चढायला ससे काही वेडे नसतात.

म्हणून सशीण नवऱ्याबरोबर रोज फेरीला जाऊ लागली आणि फेरीला इतका वेळ का लागतो ते बघू लागली.

ते समजायला तिला फार दिवस लागले नाहीत. त्या घरी फेरीचा क्रम मानावर ठरलेला होता. ज्याचा रतीब आधी लागला, त्याला भाजी आधी. पहिला मान गव्याचा, कारण त्याच्या शेणावर मळा उभा राहिला. गवा राही चढावर, बांबूच्या बेटात. दुसरा मान कासवाचा. ते ओढ्यापलीकडच्या डोहात. तिसरी घुबडीण, पुन्हा ओढ्याच्या अलीकडे, उंच कातळावरच्या सावरीच्या ढोलीत. चौथी खार, पुन्हा पलीकडे. आणि शेवटचा साळिंदर, जो गव्याच्या वाटेवरच, अगदी घराजवळ राहत होता. ससा-सशीण भरल्या टोपल्या घेऊन ओढा ओलांडत, परत ओलांडत, परत परत ओलांडत. सशिणीचे पाय दिवसभर ओले असत.

एकदा तिने नवऱ्याला विचारलं, "अहो, गव्याकडे जाताना साळिंदराचं घर लागतं. तेव्हाच का नाही भाजी देत त्यांना?"

"त्याचा रतीब शेवटचा आहे."

"पण आपण त्यांच्या दारावरून जातो."

"जातो ना. राम राम करतो. भाजी येताना देतो."

"त्यांनी कधी काही म्हटलं नाही?"

"म्हटलं होतं एकदा. आई म्हणाली, मान चुकायला नको." ससा स्वभावाने आनंदी होता. आपल्याला चालायला लागतं याचं त्याला विशेष वाटत नसे. त्याला चालायला आवडे आणि वाटेत गप्पा मारायला त्याहून आवडे.

या सगळ्या उलटसुलट वाटेत एक जागा मात्र सशिणीला प्रिय होती. घुबडिणीचा कातळ. तिथे पोचायला उभा चढ होता, पण वर गेलं की समोर ओढ्यापलीकडचा डोंगर दिसे आणि त्याचा सडा जणू टोपलीत ठेवल्यासारखा उघडा पडे. इतक्या दुरून ससा ओळखू येत नाही. गवत मात्र दिसतं. ती रोज तिथे टोपली या खांद्यावरून त्या खांद्यावर घेण्याच्या निमित्ताने थांबे आणि गवताचा रंग बघून घेई. हिरवं. अजून हिरवं. आज जरा पोपटी वाटतंय का? नाही, ऊन तिरपं आहे म्हणून.

"चल, घुबडीण झोपेत चिडते," नवरा म्हणे.

"आले. दोरी सैल झाली होती."

दोरी रोज तिथेच सैल होते, हे त्या भोळ्या सशाच्या लक्षात कधी आलं नाही.

मग सशिणीने हळूहळू, कुणाच्या डोळ्यांवर न येता, फेरी उकलायला घेतली. सुरुवात गव्यापासून केली, कारण मान त्याचा. गव्याच्या दारात सकाळची भाजी उन्हात पडून माना टाकत असे, हे ती रोज बघत होती. एके दिवशी तो घरी सापडला तेव्हा तिने विचारलं, "गवोबा, तुम्ही सकाळी कुठे असता?"

"डुंबायला जातो," गवा जड आवाजात म्हणाला. तो फार रुबाबदार होता आणि प्रत्येक शब्द पाऊल टाकल्यासारखा टाकी. "ऊन चढलं की येतो."

"मग आमचा माठ?"

"तो तोवर वाळून चारा झालेला असतो."

"आणि तुम्ही तो खाता?"

"मानाचा आहे. खावा लागतो."

"आम्ही उशिरा आलो तर चालेल?"

गव्याने बराच वेळ रवंथ केलं. "चालेल. पण लोक म्हणतील, गव्याचा मान गेला."

"गवोबा, पंगतीत घरच्या मोठ्या माणसाचं ताट शेवटी वाढतात. म्हणजे वाढणाऱ्याला मग घाई नसते."

हे गव्याला पटलं. इतकं पटलं, की पुढे तो ते स्वतःचंच म्हणून सांगू लागला.

साळिंदराला काही विचारायची गरजच नव्हती. तो तर दारात वाट बघत बसे. कासवाला कधीही चाले. खारीला सकाळी लवकर हवं होतं, कारण दुपारी ती काय कुठे लपवलं ते शोधण्यात गुंतलेली असे. राहिली घुबडीण. ती म्हणाली, "एवढा चढ चढून येता आणि भरदुपारी मला जागं करता. मी तिन्हीसांजेला ओढ्यावरच्या उंबरावर उतरतेच. खाली बुंध्याशी अळूच्या पानात झाकून ठेवलंत तरी पुरे."

सशिणीने समोरच्या सड्याकडे बघितलं. फेरीतला सगळ्यांत मोठा वळसा म्हणजे तो कातळाचा चढ. तो काढला तर दुपार मोकळी होणार होती. आणि तो काढला तर सडा दिसणार नव्हता.

तिने दोन दिवस विचार केला. मग स्वतःशी म्हणाली, रोज लांबून बघण्यापेक्षा एकदा जवळून बघू. आणि तिने चढ फेरीतून काढून टाकला.

टोपल्या भरण्याची पद्धतही तिने बदलली. आजवर सगळ्यांची भाजी एकत्र भरत आणि प्रत्येक दारात टोपली उपसत. भोपळ्याखाली कोथिंबीर चिरडून जाई. आता तिने प्रत्येकाची जुडी वेगळी बांधली. शेवटच्या घराचं सगळ्यांत तळाशी, पहिल्या घराचं सगळ्यांत वर. वरची जुडी काढायची, दारात ठेवायची, की खालची आपोआप पुढच्या घराची.

सासूबाईंनी टोपली बघितली. "आणि मान?"

"गवोबाच म्हणाले, शेवटी या."

"गवोबा म्हणाले?"

"हो. पंगतीचं काहीतरी सांगत होते."

"मग ठीक आहे बाई. त्यांना कळतं."

पहिल्याच दिवशी ओढा फक्त एकदा जाताना आणि एकदा येताना ओलांडावा लागला. सशिणीचे पाय घरी येईतो सुकलेही होते. घरी पोचले तेव्हा सावल्या अजून झाडांच्या पायाशीच घुटमळत होत्या. सशिणीने टोपली धुऊन पालथी घातली. अंग चाटून साफ केलं. ओढ्याच्या दिशेने तोंड करून अंगणात उभी राहिली. आता सासूबाईंना आठवेल, तिला वाटलं. फेरी उरकली की जा, असं त्यांनीच म्हटलं होतं. आता त्या म्हणतील.

सासूबाई बाहेर आल्या आणि त्यांनी सूर्याकडे बघितलं. मग सुनेकडे बघितलं. त्यांचे डोळे आनंदाने मोठे झाले.

"अगबाई, अख्खी दुपार वाचवलीस. कोल्हा केव्हाचा मागे लागलाय, बांबूपलीकडची घरं घ्या म्हणून. म्हटलं, वेळ कुठे आहे आम्हाला? आता आहे की."

सशिणीचं तोंड किंचित उघडलं होतं. ते तिने मिटलं. समोरचं माणूस इतकं खुशीत असताना मधेच आपलं काय सांगायचं? उद्या सांगू.

कोल्हा संध्याकाळी कुंपणापाशी आला. त्याने अलीकडे भाजीपाल्यावर राहायचं ठरवलं होतं, असं तो सांगे. सासूबाई त्याच्याशी गोड बोलत, पण कुंपणाच्या आतून.

"वहिनी, सून नाही, रत्न आणलंत," कोल्हा म्हणाला. "बांबूपलीकडचे सगळे वाट बघतायत. वेळेवर भाजी देणारं घर जंगलात दुसरं आहे का?"

"सुनेला कामाची हौस भारी," सासूबाई म्हणाल्या.

हे सशिणीने आतून ऐकलं. हौस नाही, असं म्हणणं खोटं ठरलं असतं. फेरी उकलायला तिला खरंच आवडलं होतं. पण ती कशासाठी उकलली, हे कुणाला माहीतच नव्हतं, आणि तिने सांगितलंही नाही. तिने फक्त बांबूपलीकडची घरं मनात मांडली, कुणाचं दार कुणाकडे तोंड करून आहे ते बघून घेतलं, आणि ती फेरीही लवकर उरकेल अशी बसवली. अजून थोडी दुपार उरली. तेव्हा डोहाखालची घरं आली. तीही बसवली. मग उरलेल्या तासाभरासाठी माकडांची वस्ती आली. माकडं भाजी आधी खात आणि नंतर ती कुणाची होती ते विचारत. त्यांना कशी द्यायची हे बसवण्यात काही दिवस गेले.

सशांच्या घराची कीर्ती वाढली. सासऱ्यांनी मळा वाढवला. ते दिवसभर वाफ्यांत असत आणि सुनेहूनही कमी बोलत. नवरा सगळ्यांना कौतुकाने सांगे, "हिच्या डोक्यात सगळं जंगल आहे." आणि सशीण दिवस मावळताना घरी येई, पूर्वीसारखीच.

फरक एवढाच, की पूर्वी मधे तो कातळ असे.

एका दुपारी, नवरा गव्याची जुडी घेऊन पुढे गेला असताना, ती डोहावर कासवाची भाजी ठेवत होती. कासव पाण्याबाहेर येऊन तिच्याकडे बघत राहिलं. ते सावकाश बोले, म्हणून त्याच्या तोंडून फालतू काही निघत नसे. तेवढ्यासाठी एवढा वेळ कोण घालवेल?

"तू हल्ली लवकर येतेस."

"हो, कासवदादा."

"मग इथून कुठे जातेस?"

"पुढच्या घरी."

"आणि तिथून?"

"त्याच्या पुढच्या."

कासवाने मान आत घेतली, विचार केला, आणि मान पुन्हा बाहेर काढली. "मग लवकर येऊन तुला काय मिळालं?"

सशिणीने टोपलीची दोरी आवळली. तेवढ्यात काठावरच्या गोट्यांतून एक टिटवी तुरुतुरु पुढे आली. ती तिथे नवीनच दिसत होती.

"इथे भाजीचा रतीब मिळतो म्हणतात तो तुमचाच का? मला एक लावा. आजच खाली उतरले. वर राहण्यात काही अर्थ नाही राहिला, सगळं गवत वाळून पाचोळा झालंय, अंडी घालायची सोय नाही, लपायची सोय नाही, ससेसुद्धा निघाले, आज सकाळी आवराआवर चालली होती त्यांची..." टिटवी एका दमात बोलत असे, थांबलं की पुढचं विसरतं, असा तिचा अनुभव होता.

"कुठलं गवत?" सशिणीने विचारलं.

"सड्यावरचं. दुसरं कुठलं?"

"वाळलं?"

"केव्हाच. पोपटी झालं, पिवळं झालं, आता तर करडं पडलंय. थांब, तू त्यांचीच का ती? कातळावरची?"

"कातळावरची म्हणजे?"

"अगं, तुझी आई रोज दुपारी पोरांना घेऊन कड्यावर बसायची. म्हणायची, तो समोरचा कातळ बघा, त्यावर एक ठिपका येतो आणि थांबतो, ती तुमची ताई. आम्हाला तर ससा की दगड तेही कळायचं नाही, पण ती म्हणायची, तीच आहे, दगड थांबत नाहीत, दगड असतात. मग एक दिवस ठिपका आला नाही. पुढेही आला नाही. तरी ती बसायची, सवयीने. सुनेला काम असेल, म्हणायची. बरं, माझ्या रतिबाचं काय?"

सशीण खाली बसली. तिला वाटलं होतं, बघणारी आपणच आहोत.

"रतीब लावते तुमचा," ती म्हणाली, कारण कितीही काही झालं तरी टिटवीची त्यात चूक नव्हती. मग ती घराकडे पळाली.

घरी सासूबाई, सशिणीने सकाळीच क्रमाने लावून ठेवलेल्या जुड्या दुपारच्या फेरीच्या टोपल्यांत भरत होत्या. नवरा खांद्याला दोरी लावत होता. सासरे मुळ्यांच्या वाफ्यात होते. सशीण अंगणात येऊन थांबली. तिचे दोन्ही कान ताठ उभे होते. त्या घरात ते तसे कुणी बघितलेच नव्हते.

"सासूबाई, मी आज माहेरी जाते."

"जा की," सासूबाई नेहमीच्या सुरात म्हणाल्या. "फेरी उरकली की जा."

"फेरी उरकत नाही, सासूबाई. मी तीनदा उरकून बघितली."

सासूबाईंच्या हातातली जुडी तशीच राहिली. नवऱ्याने दोरी खाली ठेवली.

"तू हे सगळं त्यासाठी केलंस?" त्याने विचारलं.

"हो."

"मग बोलली का नाहीस? मला वाटलं, तुला फेरी आवडते."

"आवडते. पण ती मी माहेरी जायला छोटी केली होती. मला वाटलं, वेळ उरला की तुम्हाला आपोआप कळेल."

"आम्हाला वेळ दिसला," सासूबाई हळूच म्हणाल्या. "तू नाही दिसलीस."

मग त्या थोड्या सावरल्या. त्यांना स्वतःच्या बोलण्याचंच नवल वाटलं असावं. "पण आज बांबूपलीकडची फेरी आहे. माकडं आहेत. ती वाट तुझ्याशिवाय कुणाला येते?"

हे खरं होतं. सगळी वाट तिच्याच डोक्यात होती. सशिणीने सूर्याकडे बघितलं. तो अजून वर होता, पण थांबणारा नव्हता.

तेव्हा मुळ्यांच्या वाफ्यातून एक आवाज आला. तो आवाज इतका क्वचित येई, की आधी कुणाला तो कुणाचा ते कळलंच नाही.

"मी जातो," सासरे म्हणाले. हाताची माती झटकत ते उभे राहिले. "वाट तेवढी सांग."

"मामंजी, वाट टोपलीत आहे. वरची जुडी काढा, ती पहिल्या घराची. मग त्याच्या खालची. तळ दिसला की घरी या."

"आणि माकडं?"

"त्यांना आधी काकड्या दाखवा. ती काकड्यांवर भांडतील, तोवर बाकीचं ठेवून निघा."

सासऱ्यांनी मान हलवली, टोपली उचलली, आणि मुलाला म्हणाले, "चल. गप्पा कमी."

सशीण निघाली तशी सासूबाईंनी हाक मारली. ती थांबली. सासूबाईंनी कोथिंबिरीची एक मोठी जुडी उपटली, मातीसकट, आणि अळूच्या पानात गुंडाळून तिच्या हातात दिली.

"आईला दे. वर आता हिरवं काही उरलं नसेल. करडं गवत दाताला फार लागतं."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"माझं माहेर त्याच अंगाला होतं," सासूबाई म्हणाल्या, आणि उरलेल्या जुड्या बांधायला वळल्या. "जा आता. ऊन उतरायला लागलंय."

सशाला सरळ पळता येत नाही असं म्हणतात. भीती पायात मुरलेली असते, म्हणून तो नागमोडी पळतो. सशीण त्या दिवशी ओढ्यापासून डोंगराच्या माथ्यापर्यंत एका रेषेत पळाली. तिने कुणाच्या दारावरून जावं लागतंय ते बघितलं नाही आणि कुठली वाट जवळची याचा हिशेब केला नाही.

सड्यावर पोचली तेव्हा सूर्य डोंगरांना टेकला होता. गवत खरंच करडं होतं; पाऊल पडेल तिथे मोडत होतं. बिळं रिकामी होती. तिने एकेका बिळात तोंड घातलं. आतला वास ओळखीचा होता, पण थंड होता. भावंडं जिथे झोपत तिथली माती नीट लोटून सारखी केलेली होती, निघताना आई करायची तशी. सशीण कोथिंबीर धरून तशीच उभी राहिली.

"सगळी सकाळीच उतरली," मागून आवाज आला.

आई गवतात बसली होती. गवताच्याच रंगाची झाली होती. हलली नसती तर दिसलीच नसती.

"मग तू कशी मागे?"

"म्हटलं, आजचा दिवस बघू. उद्या पहाटे निघते." आईने तिला जवळ घेतलं, अंगावरून पंजा फिरवला, कुठे हाड लागतंय का ते बघितलं. सगळ्या आया बघतात. "बारीक नाही झालीस. बरं आहे मग."

"तुला कसं कळलं, मी आज येईन?"

"कळलं नव्हतं. काल वाट बघितली, परवा बघितली, तशी आजही बघितली. धाकटी मात्र रुसून गेली. म्हणाली, ताईला सांग, मी तिच्याशी बोलणार नाही. मग परत मागे येऊन म्हणाली, सांगू नकोस."

सशीण हसली आणि तिचे डोळे भरून आले. भावंडांना बघायची एवढी आस घेऊन ती आली होती, आणि ती तर आता पलीकडच्या उतारावर कुठेतरी असतील. थोडी आधी बोलली असती तर. फार नाही, एक दुपार आधी.

मायलेकींनी कोथिंबीर वाटून खाल्ली. आईने सासरची चौकशी केली. लेकीने गव्याच्या मानाची गोष्ट सांगितली आणि माकडांची सांगितली, आणि आई इतकी हसली की तिला ठसका लागला. उजेड होता तोवर त्या कड्यावर बसून राहिल्या. पुष्कळ बोलायचं होतं, पण जवळ बसल्यावर त्यातलं बरंचसं न बोलताही चालण्यासारखं निघालं.

पहाटे आई पलीकडच्या अंगाने खाली उतरली आणि लेक अलीकडच्या. दोघी थोडं उतरून मागे वळल्या, पण मधे माथा आला होता.

घरी सगळे उठले होते. सासऱ्यांच्या कानाला एका माकडाने चावा घेतला होता, पण तळ दिसेपर्यंत टोपली पोचवूनच ते आले होते आणि सगळ्यांना ते पुन्हा पुन्हा सांगत होते. त्या घरात इतकं बोलणं त्यांनी उभ्या आयुष्यात केलं नव्हतं. कुंपणाबाहेर कोल्हा उभा होता. टेकडीमागे आणखी काही घरं आहेत, असं तो म्हणत होता.

सशीण अंगणात आली आणि बसायच्या आधीच म्हणाली, "सासूबाई, सड्यावर नवं गवत आलं की मी माहेरी जाणार आहे. चांगले चार दिवस राहणार आहे."

"अगं, अजून पुरता उन्हाळा जायचाय," सासूबाई म्हणाल्या. "इतक्या आधी सांगून ठेवतेस?"

"हो. आधीच सांगते."

सासूबाईंनी तिच्याकडे बघितलं. मग कुंपणाकडे वळून म्हणाल्या, "कोल्होबा, टेकडीमागचं राहू द्या. आमच्या सुनेची दुपार दिलेली आहे."

तात्पर्य : वेळ वाचवायच्या आधी तो कशासाठी हवा आहे ते बोलून ठेवावं; मुकाट्याने वाचवलेली दुपार, ती ज्याच्या नजरेला आधी पडेल, त्याची होते.